मागच्या दाराशी मशीन

१

हे तो लिहिणारच नव्हता. दोनदा बसला, दोनदा सगळं पुसून टाकलं. वेळ नव्हता असं नाही, लाज वाटत होती. सकाळी दात घासताना आरशात स्वतःचीच नजर चुकवावी, तसली लाज. शेवटी मित्र म्हणाला, "तू नाही लिहिलंस तर ते लिहितील. आणि ते कसं लिहितात ते तू बघितलंयस." म्हणून हे.

तर सोमवार सकाळ. तो फोन कंपनीच्या तक्रार विभागात कामाला. ऑफिसात त्याला सगळे चॅम्पियन म्हणायचे. खेळबिळ काही नाही, तो जिना चढला तरी धापा टाकतो. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ऑफिसात एक स्पर्धा असायची. ग्राहकांच्या अर्धवट नोंदी पुऱ्या करायच्या. अर्धवट नोंद पडद्यावर लाल दिसते, पुरी झाली की हिरवी होते. जो सगळ्यात जास्त हिरव्या करेल त्याला टाळ्या आणि एक प्लास्टिकचा चषक. आमचा गडी सलग चषक मारत होता. एका चषकात तो पेनं ठेवायचा.

त्या चषकातून पेन काढत, मान वर न करता त्याने विचारलं, "बोला ताई, तक्रार काय?"

"माझा पत्ता तुमच्याकडनं बाहेर गेला."

मग त्याने वर बघितलं. पस्तिशीच्या बाई. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने त्यांनी फोन काउंटरवर ठेवला, उलटा.

"नवऱ्याला सोडून आले मी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, दळण घ्यायला आल्यासारखा. "गाव सोडलं, नंबर सोडला, सगळं नवीन घेतलं. नवा पत्ता तीनच ठिकाणी होता. माझी थोरली बहीण, तिच्याकडेच राहते मी. सिम विकलं तो दुकानदार. आणि तुम्ही. गुरुवारी दुपारी तो घरात घुसला. शिवणकाम करते मी. माझंच मशीन उचलून माझ्या हातावर घातलं."

"पोलीस..."

"धरलाय त्याला. पत्ता कोणी दिला विचारलं तर हसतो. म्हणतो, मी कुणाला विचारलंच नाही, घरबसल्या कळलं."

त्याने सवयीने तक्रारीचा नंबर लिहून पुढे केला.

"नंबर नको," बाई म्हणाल्या. "कोणी दिला तेवढं सांगा. म्हणजे कुणाच्या घरात झोपायचं ते मला कळेल."

अर्ध्या तासात मोठ्या मॅडमनी त्याला आत बोलावलं. त्यांच्याकडे तक्रार पोचली होती, आणि उत्तरसुद्धा.

"चॅम्पियन, हे तूच बघ. शुक्रवारी संध्याकाळी अहवाल हवा." त्यांनी एक कागद सरकवला. "हल्ला व्हायच्या आदल्याच दिवशी आपला लाइनमन त्या घरात इंटरनेट जोडायला गेला होता. पत्ता विकला असणार. मी त्याला घरी बसवलंय. तू फक्त नीट शब्दांत मांड."

चौकशी सुरू व्हायची होती आणि कागदावर नाव आधीच छापलेलं होतं.

नाव शिडीचं होतं. त्याच्या एकुलत्या एक जिगरी दोस्ताचं.

२

शिडीला शिडी म्हणायचं कारण तो उंच आहे एवढंच नाही. खांद्यावर शिडी नसली तर तो चालताना एका बाजूला कलतो. त्या दिवशी कंपनीने शिडी काढून घेतली होती. आपल्या खोलीच्या पायरीवर तो असा बसला होता, जसं कुणी त्याचं हाडच काढून घेतलंय.

"चहा घेणार?" शिडी म्हणाला. मग थांबला. "आधी सांग, तू आलायस की ऑफिस आलंय?"

"दोघंही."

"मग चहा अर्धाच मिळेल."

हसायला हवं होतं. कुणीच हसलं नाही.

"त्या घरात काय झालं ते सांग. सगळं, बारीकसारीक."

"झालं काय, काम झालं. मागच्या गल्लीतल्या खांबावरून तार ओढली. मागच्या दाराजवळ भिंतीला भोक पाडलं. इंटरनेटचा डबा वर बसवायचा होता आणि शिडी बाहेर खांबाला लावलेली. आत चढायला काही नाही. म्हणून ताईंचं शिलाई मशीन खिडकीपासून ओढून मागच्या दाराशी लावलं, त्याच्या टेबलावर चढलो, डबा ठोकला. दिवे लागले, फोटो काढला, मशीन उचलून परत खिडकीशी ठेवलं, पाणी प्यालो, निघालो. ताई म्हणाल्या, मशीनवर चढणारा माणूस पहिल्यांदा बघितला. मी म्हटलं, पायडल मारायला लांब पाय हवे असतील तर सांगा, रोज येतो." शिडीने कप खाली ठेवला. "मी पत्ता विकेन असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय."

"मी विचारतोय ना, गाढवा."

चॅम्पियनने मान हलवली. नाही वाटत. पण हलवायला जरा उशीर झाला. तेवढा उशीर शिडीने बघितला, आणि आपण बघितलंय हे लपवलंही नाही.

३

बहिणींचं घर म्हणजे एक लांबट खोली. पुढे जिना, जिन्याखाली औषधाचं दुकान. मागे एक दार, पण ते नावाला. ते कधीच उघडत नव्हतं, पलीकडे मागचा जिना आणि खाली कचऱ्याचा बोळ. आता त्या दाराची कडी तुटून लोंबत होती आणि आतून खुर्ची टेकवलेली होती. खिडकीशी मशीनची रिकामी जागा. फरशीवर तेलाचा जुना डाग तेवढा उरला होता.

थोरली दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला. तिने दार उघडलं, त्याला बघितलं आणि धाकटीकडे, म्हणजे तक्रारवाल्या ताईंकडे, न बघता म्हणाली, "तुझ्याकडे आलेत." धाकटीनेही तिच्याकडे न बघता "बसा" म्हटलं. एका खोलीत दोन बायका, आणि मधे जणू तिसरं कुणी बसलंय.

"मागल्या वेळी हिनेच सांगितलं होतं," ताई म्हणाल्या. तो काही विचारायच्या आतच. "दोन घरांआधी. तो हिच्या जुन्या घराच्या दाराशी येऊन रडला, हिला दया आली. मग हिनेही घर बदललं."

"ती चूक झाली माझी! शंभरदा सांगितलं, चूक झाली! ह्या वेळी मी तोंड उघडलेलं नाही," थोरली म्हणाली.

"मी कुठे काही म्हणतेय."

"तू काही म्हणत नाहीस तेच तर!"

मधेच ताईंचा फोन वाजला. पुन्हा वाजला. त्यांनी डाव्या अंगठ्याने तो गप्प केला. "तुमच्याच कंपनीचे आहेत. दिवसभर काही ना काही पाठवत असता. ही ऑफर, ती ऑफर. कोण उघडतंय."

"गुरुवारी तो आला तेव्हा पुढून आला?"

"नाही ना. त्याचंच तर मला..." ताईंनी मागच्या दाराकडे बघितलं. "मागून आला. ते दार आम्हीसुद्धा विसरलो होतो. आणि बाहेरून ओरडला काय, तर दारापुढचं मशीन सरकव, नाहीतर मशीनसकट मोडीन. मी इथे खिडकीत शिवतेय आणि तो मागे ओरडतोय मशीन सरकव म्हणून! मला वाटलं, प्यालाय. मग एका लाथेत कडी तुटली. मधे काही नाही बघून तोच पुढे धडपडला."

चॅम्पियनच्या हातातलं पेन थांबलं.

"म्हणजे मशीन मागच्या दाराला लावलंय असं त्याला वाटत होतं."

"हो. पण ते तिथे कधीच नसतं. उजेडच नाही तिकडे."

"कधीच? आदल्या दिवशी?"

ताईंनी भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं. "तुमचा तो उंच मुलगा आला होता तेव्हा. तेवढ्या वेळापुरतं."

"तुम्ही कुठे होतात?" त्याने थोरलीला विचारलं.

"धुलाईत. सकाळपासून रात्रीपर्यंत. वाटल्यास मुकादमाला विचारा."

"तुम्ही ह्यांना सांगितलं होतं, मशीन हलवल्याचं?" त्याने ताईंना विचारलं.

"त्यात सांगायचं काय?" ताई म्हणाल्या.

म्हणजे थोरलीला माहीत नव्हतं. मशीन त्या दाराशी उभं होतं ते तेवढाच वेळ, आणि तेव्हा खोलीत दोनच माणसं होती. एक, जिचा हात मोडला. दुसरा शिडी.

जिना उतरताना चॅम्पियनला पायऱ्या दिसेनात. तो दोस्ताला सोडवायला निघाला होता, आणि दोस्ताविरुद्धचा सगळ्यात पक्का पुरावा स्वतःच खिशात घालून चालला होता.

४

राहिले सिमवाले काका. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना श्वास आत घ्यावा लागतो. चॅम्पियनला आतून वाटत होतं की हेच निघावेत. माणूस असा विचार करतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. आपला सुटावा म्हणून दुसरा कुणीही चालतो.

"त्या बाई? आठवतात तर," काका म्हणाले. "घाबरलेलं गिऱ्हाईक लगेच कळतं. सिम घेताना तीनदा मागे बघितलं त्यांनी. मी म्हटलं, ताई, कागदपत्र द्या, पत्ता द्या आणि घरच्या माणसाचा दुसरा एक नंबर द्या. तर म्हणाल्या, दुसरा नंबर देणार नाही. मी म्हटलं, द्यावा लागतो. त्या म्हणाल्या, मग सिम नको. उठल्याच."

"मग?"

"मग काय, रिकामाच ठेवला रकाना. माझीही मुलगी आहे. मला ठाऊक आहे, तुमच्याकडे ते लाल दिसतं आणि मग तुमचे साहेब लोक माझ्यावर डाफरतात. म्हटलं, डाफरू देत. रिकामा म्हणजे रिकामा."

"त्यांच्या घरी कधी गेलात?"

"घरी? मी ह्या दुकानातून माझ्याच घरी जाऊ शकत नाही, बायको विचारते कोण तुम्ही. त्यांच्या घरी कुठे जातोय!"

काका हसले. तोही हसला. पण बाहेर आल्यावर तो दुकानाच्या पायरीशीच थांबला. काहीतरी ऐकलं होतं, ते कानाच्या पडद्याशीच अडकलं होतं. लाल. रिकामा. त्याने ते झटकून टाकलं.

झटकलं नसतं तर शुक्रवारपर्यंत थांबावं लागलं नसतं.

५

शुक्रवारी ऑफिसात टाळ्या चालल्या होत्या. महिन्याचा शेवटचा शुक्रवार. लाल नोंदी हिरव्या करायचा दिवस. त्याच्या हातात अहवाल होता. 'लाइनमन' ह्या शब्दापुढे एक ओळ कोरी होती, आणि ती भरायला बोट उचलत नव्हतं.

शेजारच्या टेबलावर चिमणी बसते. बारीक आवाज आणि अखंड बडबड, म्हणून चिमणी. ती फोन बघून एकदम खिदळली.

"अरे चॅम्पियन, हे बघ! आईकडे आज इंटरनेट बसलं. फोटो मला आला. डब्यापेक्षा आईच्या चपलाच मोठ्या दिसतायत!"

"कसला फोटो?"

"आपलाच रे. लाइनमन काम झालं की फोटो काढतो ना? तो मेसेजमधून जातो. 'आपले काम पूर्ण झाले', खाली फोटो, खाली नकाशा. आईच्या नोंदीत दुसरा नंबर माझा आहे, म्हणून मलाही आला. दोन्ही नंबरांना जातो. तुला माहीत नाही? तू काम कुठे करतोस?"

त्याने तिच्या हातातून फोन घेतला. फोटोत डबा, दोन हिरवे दिवे, खाली चपला. त्याखाली नकाशा आणि नकाशावर लाल टाचणी. टाचणी चिमणीच्या आईच्या घरावर नव्हती. घरामागच्या खांबावर होती.

"इथे का टाचणी?"

"लाइनमन खांबाशी उभा राहून फोनवर 'काम सुरू' दाबतो, मग टाचणी तिथेच पडते. नेहमीचंच आहे ते."

दिवे लागले, फोटो काढला, मशीन उचलून परत खिडकीशी ठेवलं. शिडीने सांगितलं होतं ते, ह्याच क्रमाने. फोटो आधी, मशीन नंतर. म्हणजे फोटोत डबा होता, डब्याखाली मशीन होतं आणि मशीनमागे दार होतं. आणि टाचणी मागच्या बोळात. ज्याने तो फोटो बघितला तो मागूनच येणार, आणि मशीन दाराशीच आहे असं धरून येणार.

कुणाला विचारलंच नाही. घरबसल्या कळलं.

शिडीने काही विकलं नव्हतं. थोरली बोलली नव्हती. काकांनी काही दिलं नव्हतं. नवऱ्याच्या फोनवर कंपनीने स्वतः फोटो पाठवला होता, नकाशासकट, खाली 'आपल्या सेवेत सदैव' लिहून.

पण दुसरा नंबर तर ताईंनी दिलाच नव्हता. काकांनी रकाना रिकामा पाठवला होता.

त्याने ताईंची नोंद उघडली. नोंद हिरवीगार होती. दुसऱ्या नंबराच्या रकान्यात एक नंबर होता. लग्नानंतर लगेच ताईंनी जे पहिलं सिम घेतलं होतं, त्याच्या नोंदीतून उचललेला. नवऱ्याचा.

हे कसं होतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. कागदपत्र तेच असलं की पडद्यावर बटण येतं, 'जुन्या नोंदीतून भरा'. दाबलं की लालचं हिरवं. माणूस कोण, रकाना रिकामा का, हे कुणी वाचत नाही. वाचत बसलं तर चषक मिळत नाही.

नोंदीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बदल कोणी केला. गेल्या महिन्याचा शेवटचा शुक्रवार होता, आणि कर्मचारी नंबर...

तो नंबर त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होता.

चिमणी विचारत होती, "काय रे, फोन देतोस ना माझा?"

६

मोठ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"शहाणा आहेस. बटण आपण दिलंय, तू दाबलंस. सगळेच दाबतात. तुझं करिअर घालवायचं कारण नाही." त्यांनी नवा कागद घेतला आणि बोलत बोलत टाइप केला. "कंपनीचा दोष आढळला नाही. माहिती घरच्या व्यक्तीकडून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. सदिच्छा म्हणून तीन महिने इंटरनेट मोफत."

"आणि शिडी?"

"सोमवारपासून कामावर. झालं समाधान?"

इथेच तो लिहिताना दोनदा थांबला होता, कारण पुढचं वाक्य खरं आहे. त्याला समाधान झालं. छातीवरचा दगड उतरला. शिडी सुटला, आपण सुटलो. घरची व्यक्ती म्हणजे थोरली, हे त्याला कळत होतं. कळूनही बरं वाटलं.

"मॅडम, बाकीच्यांचं काय? असे रकाने मी खूप भरलेत. सगळ्यांनीच भरलेत."

"बाकीच्या कोण? तक्रार एकीची आलीय."

त्याने कागद घेतला. मान डोलावली. "थँक्यू मॅडम" म्हणाला. हो, तेही म्हणाला.

७

कागद द्यायला तो त्याच संध्याकाळी गेला. वर पोचतो तर मागच्या दाराशी शिडी गुडघ्यांवर बसून नवी कडी ठोकतोय.

"तू इथे?"

"घरी बसवलंय ना मला. हात रिकामे. ह्या दारातून तो आला, तार मी ओढली होती. म्हटलं, दार तरी नीट करून द्यावं." त्याने वर बघितलंही नाही. "अहवाल झाला?"

पण चॅम्पियनचं लक्ष खोलीच्या मधोमध होतं. तिथे एक बॅग भरलेली होती. तिचा एक पट्टा ताईंच्या डाव्या हातात आणि दुसरा थोरलीच्या. दोघी ओढत नव्हत्या. नुसत्या धरून उभ्या होत्या.

"कुठे जाणार तू, एका हाताने?" थोरली म्हणत होती.

"जिथे कुणालाच माहीत नाही तिथे."

"म्हणजे मला माहीत नाही तिथे, असं म्हण ना सरळ!"

ताईंनी त्याला बघितलं. "आणलंत उत्तर? वाचा. तिच्यासमोरच वाचा."

त्याने कागद उघडला. "आपल्या तक्रारीची सखोल चौकशी केली असता," इथपर्यंत आवाज नीट होता. "कंपनीचा दोष आढळला नाही. माहिती घरच्या..."

थोरलीने पट्टा सोडला. भांडली नाही, रडली नाही. तिचा हात तेवढा खाली आला, सगळं कबूल केल्यासारखा. जे केलंच नव्हतं ते.

तो हात बघून त्याने कागद खाली केला.

"खोटं आहे," तो म्हणाला. "हे खोटं आहे. ताई, तुमचा फोन द्या. नाही, तुम्हीच उघडा. आदल्या दिवशीचा कंपनीचा मेसेज, काम पूर्ण झालं म्हणून."

त्यांना डाव्या हाताने सापडायला वेळ लागला. फोटोत डबा, दोन हिरवे दिवे, खाली मशीन, मागे दार. शिडी हातोडी घेऊन जवळ आला, वाकून बघितलं आणि शिवी गिळली. "माझाच फोटो."

"हा त्याला पण गेला," चॅम्पियन म्हणाला. "तुम्ही दुसरा नंबर दिला नव्हता. तो रकाना नंतर भरला गेला, जुन्या नोंदीतून."

"कोणी भरला?"

'भरला गेला' हे शब्द त्याने किती सफाईने वापरले होते, ते त्याला आत्ता ऐकू आलं.

"मी. मी भरला. स्पर्धा होती."

शिडी त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही. एखादा खांब आतून पोकळ निघाल्यावर बघतो, तसा.

थोरली मटकन खाली बसली. "मागल्या वेळी सांगितलं होतं मी," ती फरशीला सांगितल्यासारखी म्हणाली. "ह्या वेळी नाही सांगितलं, हे मी कुणाला कसं पटवणार होते? मरेपर्यंत पटलं नसतं कुणाला." ताईंनी बॅग खाली ठेवली. आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. तिला हात लावला नाही. पण बसल्या.

"ताई, मी माफी..."

"माफी राहू दे तुझी," ताई म्हणाल्या. अहोजाहो गेलं होतं. "मी तो रकाना रिकामा ठेवला तो विसरून नाही. ते माझं एकच कुलूप होतं. तू ते घाण समजून पुसलंस."

"हो."

"आणखी किती जणींचं पुसलंस?"

"माहीत नाही." त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि हेच सगळ्यात वाईट होतं. तो चॅम्पियन होता.

"बस खाली. पेन काढ. माझा हात चालत नाही, तू लिही. मी सांगते."

मग तो त्या रिकाम्या जागेत, तेलाच्या डागाशेजारी मांडी घालून बसला आणि स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्या हाताने लिहू लागला. ताई सांगत होत्या, मधेच थोरली दुरुस्त करत होती. हात बरा होईपर्यंत पोट कसं भरायचं ते कंपनीने बघावं, आणि मशीन नवं द्यावं. "आणि जुन्याच बनावटीचं लिही," थोरली म्हणाली, "हिला दुसरं चालत नाही." ज्या ज्या बाईचा रकाना असा भरलाय तिला कंपनीने आधी कळवावं, पण तिच्या नव्या नंबरावर, गुपचूप, घरी माणूस पाठवून नव्हे. ते बटण काढावं. रिकामा रकाना रिकामा राहू द्यावा. आणि बहिणीचं नाव घेतलं ते चूक होतं असं कंपनीने लेखी द्यावं, बहिणीच्या नावाने.

"सरकारी तक्रार कार्यालयात पण एक प्रत," ताई म्हणाल्या. "आणि खाली सही कर. चौकशी करणारा म्हणून."

त्याने सही केली.

"आणि रकाना भरणारा म्हणून."

त्याने पुन्हा सही केली.

८

बोळात अजून उजेड होता. शिडी खांबाला टेकून उभा राहिला. त्याच खांबाला.

"सोमवारी मला परत घेणार होते ना? त्या खोट्या कागदावर," तो म्हणाला.

"हो."

"आता नाही घेणार."

"बहुतेक नाही."

"बरं झालं." शिडीने नखाने खांबावरचा रंग खरवडला. "तुझ्यावर चिडलोय मी. सोमवारी मान हलवायला वेळ लावलास ते वेगळं, आणि हे वेगळं. दोन्हीचं नंतर बघू. आधी एक सांग, उद्या मॅडम काय करतील?"

"मला काढतील."

"नुसतं काढणार नाहीत. म्हणतील, एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक. तुला समोर बसवतील, आणि तुला लाज वाटतेय म्हणून तू म्हणशील, हो, माझीच, सगळी माझीच. मोठा प्रामाणिक होऊन येशील घरी. बटण तिथेच राहील. पुढच्या महिन्याच्या शुक्रवारी चिमणी दाबेल."

चॅम्पियन हेच करणार होता. मनात वाक्यंसुद्धा जुळवून झाली होती, आणि त्यांनी त्याला जरा बरंही वाटत होतं.

"तुझी लाज त्यांच्या फार कामाची आहे रे," शिडी म्हणाला. "वापरू नको देऊस."

"मग काय बोलू?"

"तूच सांग."

वर खिडकीत दिवा लागला. दोघी बहिणी काहीतरी बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. भांडत असाव्यात.

"शब्द देतो," चॅम्पियन म्हणाला. "मी केलं, हे म्हणेन. आणि त्याच श्वासात म्हणेन, तुम्ही करायला लावलंत. दोन्ही. पहिलं गाळून दुसरं नाही, आणि दुसरं गाळून पहिलंही नाही. त्यांनी एकाच वाक्यावर सही मागितली तर करणार नाही. त्या सगळ्या बायकांना कळेपर्यंत."

"पुन्हा म्हण."

"मी केलं, आणि तुम्ही करायला लावलंत."

"आवाज निघत नाहीये तुझा. मोठ्याने."

त्याने पुन्हा सांगितलं. मोठ्याने. वरची खिडकी उघडली, थोरलीने डोकं बाहेर काढून खाली बघितलं, आणि ती उघडीच ठेवली.